पार्सलसोबत स्पार्कलिंग वाइन: बाटली आधी, ऑर्डर नंतर

घरी पार्सल मागवून त्याच्यासोबत स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन उघडायचा बेत ठरला की बहुतेक घरांत कामं उलट्या क्रमाने होतात. आधी जेवणाची ऑर्डर जाते. मग कुणीतरी बाटली आणायला पळतं, ती बाटली घाईघाईने फ्रीझरमध्ये जाते आणि तोवर डबे दारात येतात. भजी वाफेने मऊ झालेली, वाइन कोमट, आणि पहिलाच घास शेझवान चटणीचा. शेवटी शेरा मारला जातो की आपल्या खाण्याला वाइन जमतच नाही.

जमते, आणि फार छान जमते. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांच्याशी स्पार्कलिंग वाइनचं सगळ्यात चांगलं पटतं, आणि आपल्या कोपऱ्याकोपऱ्यावर हे तिन्ही मिळतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, कामांचा क्रम चुकतो. दोन, जोडी जमवताना लोक चिकन की पनीर, मासा की भाजी एवढंच बघतात. जिभेवर ठरतं ते मसाल्यावर, चटणीवर आणि ग्रेव्हीवर. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

टप्पा १: लेबल वाचून बाटली निवडा

पहिला निर्णय गोडीचा. ब्रँड, देश, किंमत हे सगळं त्यानंतर. लेबलवरचे शब्द वाइनमध्ये उरलेल्या साखरेचं प्रमाण सांगतात. युरोपातल्या नियमांनुसार ते असं आहे:

- एक्स्ट्रा ब्रूट: लिटरला ६ ग्रॅमपर्यंत साखर
- ब्रूट: १२ ग्रॅमच्या आत
- एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७ ग्रॅम
- सेक किंवा ड्राय: १७ ते ३२ ग्रॅम
- डेमी-सेक: ३२ ते ५० ग्रॅम

सगळ्यात जास्त फसगत 'एक्स्ट्रा ड्राय' या शब्दांनी होते. नाव ऐकून ही सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड, असेल असं वाटतं, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. १२५ मिलिलिटरच्या ग्लासाचा हिशोब केला तर ब्रूटमध्ये जास्तीत जास्त दीड ग्रॅम साखर येते आणि डेमी-सेकमध्ये ४ ते ६ ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा. तिखट खाताना हा एक चमचा फार मोठा फरक पाडतो.

महाराष्ट्रात सहज मिळणाऱ्या बाटल्या बहुतेक ब्रूट किंवा ब्रूट रोझे (गुलाबी) असतात. नाशिकच्या सुला आणि यॉर्क, दिंडोरीची शँडन, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेल्ली या सगळ्यांच्या स्पार्कलिंग वाइन आहेत. नाशिकच्या बऱ्याच स्पार्कलिंगमध्ये शेनँ ब्लाँ ही द्राक्षं असतात. त्यांची फळासारखी चव आणि आंबटपणा आपल्या तळणीच्या पदार्थांना चांगला लागतो. यांतली कुठलीही ब्रूट घेऊन सुरुवात करायला हरकत नाही. शँपेनवर पैसे घालवायची घाई करू नका. तिच्यातला बारीक, भाजलेल्या पावासारखा वास लसणाच्या चटणीपुढे टिकत नाही.

थोडी गोड बाटली हवी असेल आणि डेमी-सेक मिळत नसेल तर आयात केलेल्या प्रोसेकोचं, म्हणजे इटलीच्या स्पार्कलिंगचं, लेबल नीट बघा. तिच्यात एक्स्ट्रा ड्राय हा प्रकार बऱ्यापैकी मिळतो. त्याहून गोड आणि हलकं हवं असेल तर मोस्काटो द्राक्षांची वाइन विचारा. इटलीच्या मोस्काटो दास्तीमध्ये मद्यार्क ५ टक्क्यांच्या आसपासच असतो आणि तिखटासोबत ती सगळ्यांत सुखाने जाते.

*तपासा:* बाटली दुकानात उन्हाच्या काचेजवळ किंवा गरम दिव्याखाली ठेवलेली असेल तर ती घेऊ नका, आतली मागा. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. सणाचा किंवा निवडणुकीचा आठवडा असेल तर ड्राय डे कधी आहे ते आधी बघा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा बेत करता येत नाही.

टप्पा २: किती लागेल ते मोजा

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा ग्लास होतात. चार माणसांना जेवणाआधीच्या तळणीसोबत एक बाटली पुरते, पूर्ण जेवणभर हवी असेल तर दोन. दोनच माणसं असाल तर ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मिळते का ते विचारा, कारण उघडलेली स्पार्कलिंग फार दिवस टिकत नाही. कुणाला गाडी चालवत परत जायचं असेल तर त्यांच्यासाठी लिंबू सोडा किंवा फसफसतं ताजं आलं-लिंबू सरबत वेगळं ठेवा. तळणीसोबत तेही तितकंच चांगलं लागतं.

टप्पा ३: ऑर्डर करण्याच्या चार तास आधी बाटली फ्रिजमध्ये

स्पार्कलिंग वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअसला प्यायची असते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान ३२-३४ अंश असतं आणि तिथून बाटली ८ अंशांवर यायला साध्या फ्रिजमध्ये चार तास तरी लागतात. फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार सारखं उघडतं, बाटली हलते आणि तिथे थंडावाही कमी असतो. मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा.

वेळ हातात नसेल तर बादली. अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि एक मूठ मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडाली पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांत ती प्यायला तयार होते. नुसत्या बर्फात ठेवली तर खडे आणि काच यांच्यामध्ये हवा राहते आणि बाटली उशिरा थंड होते, म्हणून पाणी हवंच.

*सावध:* फ्रीझरमध्ये ठेवू नका. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, वाइन उणे ५-६ लाच गोठायला लागते. गोठताना ती फुगते, आणि आत दाब आधीच भरपूर असल्यामुळे बूच उडतं किंवा काच तडकते.

गार करण्याचा संबंध नुसत्या चवीशी नाही. गार द्रवात वायू विरघळून राहतो, कोमट द्रवातून तो एकदम सुटतो. म्हणूनच कोमट बाटली उघडली की अर्धा फेस टेबलावर जातो आणि ग्लासात उरलेली वाइन पाच मिनिटांत मंद होते. दुकानातून आणलेली किंवा दुचाकीवरून हिंदकळत आलेली बाटली दोन तास तरी न हलवता ठेवा.

टप्पा ४: ग्लास आणि खोली

उंच, अरुंद ग्लास दिसायला देखणा असतो, पण त्यात नाक जात नाही. साधा पांढऱ्या वाइनचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर तोच काढा. तो नसेल तर काचेचा छोटा ग्लास चालेल. स्टीलच्या पेल्यात वाइन लवकर गरम होते आणि बुडबुडे दिसतही नाहीत.

ग्लासात भांड्यांच्या साबणाचा पातळ थर राहिला तर बुडबुडे लगेच मरतात. गरम पाण्याने दोनदा विसळा, पालथा घालून आपोआप सुकू द्या. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं विसळणं प्यायच्या पाण्याने करा, नाहीतर काचेवर पांढरे डाग राहतात.

*तपासा:* रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. कपाटाचा, साबणाचा किंवा फडक्याचा वास येत असेल तर पुन्हा धुवा. खोलीत उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल चालू असेल तर ती अर्धा तास आधी बंद करा. त्या वासापुढे वाइनचा वास अजिबात कळत नाही.

टप्पा ५: आता ऑर्डर द्या

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं. मद्यार्क त्याच संवेदकांना जास्त हळवं करतो आणि त्यात बुडबुड्यांची टोचणी वेगळी. म्हणून झणझणीत पदार्थावर ब्रूटचा घोट घेतला की आग विझायच्या ऐवजी वाढते. गोडी आणि गारवा ही आग कमी करतात. दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन आंबट आणि कडवट लागते. तिसरी: मीठ आणि तूप-तेल असेल तर तीच वाइन गोल आणि फळाळ लागते, आणि तिच्या आंबटपणामुळे तोंडातला तेलकटपणा जातो. एवढ्या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या तर कुठल्याही मेन्यूमधून निवड करता येते. आता एकेक घेऊ.

*तळलेलं.* ब्रूटसाठी पहिली पसंती. बटाटेवडा, कोथिंबीर वडी, कांदाभजी, साबुदाणा वडा, मेदूवडा. बटाटेवड्यासोबतची सुकी लाल चटणी आणि तळलेली मिरची वेगळ्या पुडीत मागा आणि चिमूटभरच घ्या. साबुदाणा वड्याची गोड दह्याची चटणी बाजूला ठेवा, नुसता वडा घ्या. मेदूवड्याला खोबऱ्याची चटणी उत्तम, सांबार नंतर. कोथिंबीर वडी माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ आहे, कारण बेसनाचा खमंगपणा आणि कोथिंबिरीचा वास दोन्ही नाशिकच्या ब्रूटला अगदी जुळतात. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिला एक्स्ट्रा ड्राय द्या.

*मासे.* मालवणी खानावळीतून मागवत असाल तर थाळी नको, फ्राय मागवा: बोंबील रवा फ्राय, सुरमई, कोळंबी. फोनवर सांगा की मसाला कमी तिखट लावा, वरून मीठ चालेल, लिंबाच्या फोडी जास्त द्या. बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून लुसलुशीत असतो, त्यावर थंड ब्रूट म्हणजे अस्सल मेजवानी. बांगडा आणि तारली तेलकट आहेत, त्यांच्यासोबत वाइन कधी कधी लोखंडी चवीची लागते. भरपूर लिंबू पिळलं तर ते कमी होतं. सोलकढी या वेळी टाळा. तिचं नारळाचं दूध, आमसूल आणि लसूण यांच्यानंतर वाइन पाणचट लागते.

गोव्यात असाल तर बेकरीतून रिसॉइस आणा. आत कोळंबीचं पांढऱ्या सॉसमधलं सारण आणि बाहेर ब्रेडचा चुरा लावून तळलेलं आवरण, ब्रूटला याहून चांगला सोबती शोधायला जाऊ नका. रेशाद मसाल्यात मात्र मिरची आणि व्हिनेगर दोन्ही भरपूर असतं, तिथे डेमी-सेक किंवा मोस्काटो लागेल.

*तंदूर.* मलई टिक्का, रेशमी कबाब, पनीर मलई टिक्का यांना ब्रूट किंवा ब्रूट रोझे. लाल तंदुरी चिकनला रोझे जास्त बरी, तिच्यात थोडं जास्त अंग, म्हणजे भरदारपणा, असतो. हिरवी चटणी वेगळीच येते, तिला हात लावू नका. पुदिना आणि कच्ची मिरची यांच्यानंतर वाइनची चव कळत नाही. कच्चा कांदाही तोंडात फार वेळ राहतो, तो शेवटी खा.

*गाडीवरचं किंवा हॉटेलचं चायनीज.* 'क्रिस्पी' आणि 'सॉल्ट अँड पेपर' हे दोन शब्द मेन्यूत शोधा. क्रिस्पी व्हेज, सॉल्ट-पेपर बेबी कॉर्न, साधे हाक्का नूडल्स हे सगळं चालतं. मंचुरियनची ग्रेव्ही गोडसर आणि सोया सॉसची खारट असते, तिला एक्स्ट्रा ड्राय. शेझवानचं काहीही मागवायचं असेल तर सॉस वेगळा द्यायला सांगा. हॉट अँड सॉर सूप मागवू नका. कढत सुपाने जीभ बधिर होते आणि पुढचे दोन-तीन घोट वाया जातात.

*चाट.* शेवपुरी, दहीपुरी, भेळ यांत चिंच-खजुराची चटणी असते, म्हणून ब्रूट नको. थोडी गोड बाटली असेल तर हीच चाट फार मजा आणते. फक्त ब्रूटच असेल तर 'सुकी भेळ, तिखट कमी' सांगा.

*डोसा, पिझ्झा, पावभाजी.* आंबवलेल्या डोशाचा आंबटपणा आणि लोणी, दोन्ही ब्रूटला मानवतात. म्हैसूर मसाला डोशाची लाल चटणी टाळा. पिझ्झा साधा, चीज आणि टोमॅटोचा. चिली फ्लेक्सची पाकिटं बंदच राहू द्या आणि बार्बेक्यू सॉसचा प्रकार घेऊ नका, तो गोड असतो. पावभाजी कमी तिखट सांगून मागवली तर लोणी आणि टोमॅटोमुळे चांगली जाते.

*बिर्याणी.* कोलकाता आणि लखनौ पद्धतीची सौम्य बिर्याणी रोझेसोबत घ्या. हैदराबादी बिर्याणी आणि तिचं सालन तिखट असतं, तिथे गोड बाटली नसेल तर वाइन आधीच्या कबाबांसोबत संपवा आणि बिर्याणीला रायता-पाणी ठेवा.

*मागवूच नका:* मिसळ, तांबडा रस्सा, सुकं मटण, ठेचा, विंदालू. हे पदार्थ स्वतःच्या जागी राजे आहेत. मिसळीला ताकच हवं. गुलाबजाम, जिलेबी, रसमलाईसोबत ब्रूट कधीही नको.

परदेशात राहणाऱ्यांना हेच सूत्र वापरता येईल. लंडनमध्ये फिश अँड चिप्स आणताना व्हिनेगर दुकानात शिंपडू देऊ नका, घरी आणून चमचाभरच घाला. अमेरिकेत तळलेलं चिकन आणताना मसालेदारऐवजी साधं घ्या आणि गोड सॉसची पाकिटं बाजूला ठेवा.

*ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी सांगितल्यात का ते बघा:* तिखट कमी, चटण्या-सॉस वेगळे, आणि तळलेल्या पदार्थांच्या डब्याला झाकण घट्ट लावू नका किंवा ते कागदात बांधा.

ऑर्डर कधी द्यायची? साडेआठला बसायचं असेल तर बाटली साडेतीन-चारला फ्रिजमध्ये, सातला ग्लास तपासून, पावणेआठला ऑर्डर. तळलेलं जवळच्या दुकानातून आणा, शक्य असेल तर स्वतः जाऊन. पाऊण तासाच्या प्रवासात भज्याचं जे होतं ते नंतर पूर्ण सुधारता येत नाही.

टप्पा ६: पार्सल दारात आल्यावरची दहा मिनिटं

बाटलीला हात लावायच्या आधी सगळे डबे उघडा. बंद डब्यात वाफ कोंडते आणि तळणीचं आवरण ओलं होतं, हे रस्त्यातच सुरू झालेलं असतं.

तळलेले पदार्थ जाळीवर पसरा, ताटात एकावर एक रचू नका. मऊ पडले असतील तर एअर फ्रायर किंवा ओव्हनमध्ये १८० अंशांवर चार-पाच मिनिटं. दोन्ही नसेल तर लोखंडी तवा मध्यम आचेवर, तेल न घालता, उलटसुलट करून. मायक्रोवेव्ह फक्त भात आणि ग्रेव्हीसाठी वापरा, वडा त्यात आणखी मऊ होतो.

एक घास चाखा. मीठ कमी असेल तर वरून थोडं भुरभुरा, लिंबू पिळा. मीठ किंचित पुढे असलेला पदार्थ वाइनला बरा. सगळ्या चटण्या छोट्या वाट्यांत काढून टेबलाच्या एका बाजूला ठेवा म्हणजे त्या कुणाच्याही ताटात आपोआप पडणार नाहीत.

टप्पा ७: बाटली उघडा

बाटलीतला दाब ५ ते ६ बार असतो, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त. उडालेल्या बुचाने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ही कृती शांतपणे आणि याच क्रमाने करा.

१. बाटली कोरडी पुसा. ओली काच हातातून सटकते.
२. वरची चंदेरी पट्टी काढा.
३. बुचावर अंगठा घट्ट ठेवा. इथून पुढे तो अंगठा काढायचा नाही.
४. तारेची कडी सहा अर्धे वेढे उलट फिरवून सैल करा. जाळी काढून टाकू नका, बुचासकट मुठीत धरा. वर एक फडकं टाकलंत तर पकड चांगली मिळते.
५. बाटली ४५ अंशांत तिरकी करा. तोंड माणसांपासून, पंख्यापासून, टीव्ही आणि ट्यूबलाइटपासून दूर.
६. एका हाताने बूच स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने बाटलीचं बूड हळूहळू फिरवा. बूच बाहेर यायला लागलं की त्याला आत दाबून धरा, वायू सावकाश सुटू द्या. 'फुस्स' एवढाच आवाज आला की काम बरोबर झालं.

*सावध:* कॉर्कस्क्रू कधीही वापरू नका. बूच अडकलं तर बाटली हलवू नका, गळा दहा सेकंद कोमट पाण्याखाली धरून पुन्हा फिरवा. लहान मुलं टेबलाजवळ असतील तर बाटली ओट्यापाशी नेऊन उघडा.

टप्पा ८: दोनदा ओता

ग्लास किंचित तिरका करून आधी बोटभर वाइन ओता, फेस बसू द्या, मग अर्ध्या ते दोन-तृतीयांशापर्यंत भरा. काठोकाठ भरलेला ग्लास आपल्या हवेत संपायच्या आत कोमट होतो. थोडं थोडं घेत राहा आणि बाटली पाणी-बर्फाच्या बादलीतच ठेवा. बर्फ ग्लासात टाकू नका. वाइन पातळ होते आणि खड्याच्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे एकदम सुटून जातात.

टप्पा ९: घास, घोट, घास

पदार्थ एकदम सगळे वाढू नका. आधी कमी तिखट आणि खारट तळलेलं, मग कबाब किंवा मासे, मग भात-नूडल्स, आणि तिखट सगळ्यात शेवटी. एकदा तिखटाने जीभ भाजली की मागे जाऊन कोथिंबीर वडीसोबतची वाइन समजणार नाही. दोन बाटल्या असतील तर ब्रूट आधी, गोड नंतर. उलट केलंत तर ब्रूट लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागेल.

पहिल्यांदा असं करून बघा: नुसता एक घोट, मग एक घास पूर्ण चावून गिळून, मग दुसरा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कसा लागतो यावर लक्ष द्या.

- वाइन आंबट आणि पाणचट झाली: पदार्थ गोड आहे. गोड चटणी बाजूला करा, मीठ-लिंबू वाढवा.
- तोंड जास्त पेटलं: तिखट जास्त आहे. एक चमचा दही किंवा लोण्याचा तुकडा पदार्थासोबत घ्या, वाइन आणखी गार करा. तरी जमत नसेल तर तो पदार्थ वाइनशिवाय खा. पाण्याने आग कमी होत नाही, दह्याने होते.
- वाइन कडवट लागली: सोया सॉस किंवा अजिनोमोटो जास्त आहे. लिंबू पिळा.
- वाइनची चवच लागेना: कच्चा कांदा, लसूण किंवा पुदिना तोंडात आहे. कोरड्या पावाचा तुकडा चावा, दोन मिनिटं थांबा.
- सगळं गोल, गोडसर आणि स्वच्छ लागलं: ती जोडी जमली. पदार्थाचं नाव, दुकान आणि बाटली फोनमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी निवड सोपी होते.

बडीशेप, पान, मुखवास हे वाइन संपल्यावरच. टेबलावर साधं पाणी हवंच, आणि जितके ग्लास वाइन तितके ग्लास पाणी प्या. बुडबुड्यांमुळे मद्यार्क लवकर चढू शकतो, म्हणून रिकाम्या पोटी पहिला ग्लास संपवू नका.

टप्पा १०: उरलेली बाटली

बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तिचा काही उपयोग होत नाही. स्पार्कलिंगसाठी गळ्याला कडी लावून घट्ट बसणारं खास झाकण मिळतं, तेच आणा. साधं बूच परत ठोकलं तर दाबाने उडू शकतं, आणि हवा खेचून काढणारा पंप वाइनमधला वायूही ओढून घेतो.

झाकण लावलेली बाटली लगेच फ्रिजमध्ये, उभी. दुसऱ्या दिवशी बुडबुडे बऱ्यापैकी असतात, तिसऱ्या दिवशी थोडे. त्यानंतर ती प्यायला ठेवू नका. लसूण-लोण्यात कोळंबी परतताना अर्धी वाटी घाला आणि मोठ्या आचेवर आटवा, किंवा मशरूम परतताना वापरा. मीठ शेवटी घाला, कारण वाइन आटताना तिचा आंबटपणा वाढतो आणि किती मीठ लागेल ते आधी कळत नाही.